केबिनमधला पंखा

त्या मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला आणि करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीला आपण किती महत्त्वाचे आहोत याचा शोध लागला. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला नवा विमानतळ, मध्ये कुठेतरी तेलाच्या टाक्या. शत्रूने नकाशा उघडला की त्याचं बोट आधी आमच्यावरच पडणार, याबद्दल कोणाला शंका उरली नाही. ज्यांना वर्षानुवर्षं नातेवाइकांना ‘पनवेल म्हणजे तशी मुंबईच हो’ असं पटवून द्यावं लागत होतं, त्यांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात मी एक शांत समाधान पाहिलं. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ डोंबिवलीच्या मेव्हण्याला फोनवर सांगत होते, ‘तुम्ही निर्धास्त राहा. तुमच्याकडे टाकण्यासारखं आहेच काय?’

सोसायटीच्या सेक्रेटरी बाई जागांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करतात. अशा बातम्यांनी भाव उतरतील का, असं मी त्यांना जिन्यात विचारलं. त्या म्हणाल्या, ‘उलट आहे, सर. धोका महत्त्वाच्या जागेलाच असतो ना?’ त्यांच्या जाहिरातीत पूर्वी ‘प्राइम लोकेशन’ असे. ते आता ‘स्ट्रॅटेजिक लोकेशन’ झालं होतं.

मी इथल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो. राष्ट्रीय सुरक्षा आणि मानवी सुरक्षा यांतला फरक स्पष्ट करा, हा प्रश्न मी इतकी वर्षं विचारला आहे की मुलांची उत्तरं मला पाठ आहेत. राष्ट्रीय सुरक्षेत सीमा, सैन्य आणि शत्रू असतो. मानवी सुरक्षेत अन्न, पाणी, आरोग्य, हवामान वगैरे असतं. त्या ‘वगैरे’वर मी कायम लाल रेघ मारत आलो. पण मुलं बरोबर होती. त्या मे महिन्यात माझ्या फोनवर दोन प्रकारचे सरकारी इशारे येत होते. एक सीमेवरच्या परिस्थितीचे आणि दुसरे उष्णतेच्या लाटेचे. पहिल्या प्रकारचा प्रत्येक इशारा सोसायटीच्या ग्रुपवर इतक्यांदा फिरे की मूळ कोणी पाठवला हे सांगता येत नसे. दुसऱ्या प्रकारचा एकदाच कोणीतरी पाठवला आणि त्याखाली कोणीतरी कलिंगडाचं चित्र टाकलं. उन्हाचं असं आहे की ते साऱ्या जगात वाढतंय, पण कुठल्या देशाने पाठवलं म्हणून दाखवता येत नाही. घोषणा द्यायच्या तर कोणाविरुद्ध द्यायच्या?

तर आता आमचं संरक्षण ज्यांच्याकडे होतं त्यांच्याविषयी. गेटवर दिवसपाळीला एक वयस्कर वॉचमन होते. त्यांना सगळे काका म्हणत. ते जवळच्याच गावचे. आमच्या इमारती जिथे उभ्या आहेत ती जमीन शहर वसवण्यासाठी सरकारने घेतली, त्यात त्यांचंही शेत होतं. मोबदल्याच्या जागेवर मुलाने चार मजले चढवले, डंपर घेतले, दारात मोठी गाडी उभी केली. काकांना पगाराची गरज नव्हती हे सर्वांना ठाऊक होतं आणि पगारवाढीची गोष्ट निघाली की ते आवर्जून आठवलं जाई. मग नोकरी कशाला करता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, ‘घरा बसून करू काय? सून टीव्ही लावते, नातू गानी लावतो. हितं बसलो का निदान आपल्या शेतान बसल्यासारका वाटतं.’ त्यांच्या अंदाजाने केबिन त्यांच्या खळ्याच्या जागेवर होती. म्हणजे प्रदेशाचं रक्षण हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने लागू पडेल असा आमच्या सोसायटीत तो एकच माणूस होता.

केबिन पत्र्याची होती. तोंड पश्चिमेला. दुपार कलली की ऊन सरळ आत येऊन बसे आणि संध्याकाळपर्यंत हलत नसे. त्यातच एका फळीवर कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारं यंत्र ठेवलेलं. ते दिवसभर घरघरत असे आणि आपली ऊब त्यात घाली. होळी झाली तसा काकांनी समितीकडे एक पंखा मागितला. छताचा नको, टेबलावरचा चालेल म्हणाले.

समितीने या मागणीचा गांभीर्याने विचार केला. आमचे अध्यक्ष तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेले. गोदामातून परवानगीशिवाय खिळा बाहेर गेला नाही हा त्यांचा अभिमान, आणि तो खरा आहे. त्यांनी मुद्दा मांडला की पंखा लावला तर वारा येईल, वारा आला तर झोप येईल आणि वॉचमन झोपला तर सुरक्षा कुठे राहिली? या साखळीत कमकुवत कडी मला तरी सापडली नाही. त्यात कोणीतरी भर घातली की काका तरुणपणी मिठागरात कामाला होते, त्यांना उन्हाचं काय? हे सगळ्यांना इतकं पटलं की ते काकांच्या कानावर घालायला स्वतः अध्यक्ष गेले. काका त्यांना म्हणाले, ‘सायेब, मिठागरान आमी दहा वाजले का घरा जायचो. उन्हान मीठ पिकतं, मानूस नाय पिकत.’ अध्यक्ष हसले आणि परत येऊन म्हणाले की म्हातारा विनोदी आहे.

एप्रिलमध्ये काकांनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी केबिनवर गवताच्या पेंढ्या टाकल्या. थोडा फरक पडला. पण सोसायटीचं दर्शनी रूप बिघडतं म्हणून त्या उतरवल्या गेल्या.

मग तणाव आला. सरकारने ठिकठिकाणी सरावाची सूचना दिली, भोंगा वाजला तर काय करायचं वगैरे. तो सराव झालाही, शिस्तीत आणि थोडक्यात. आमचं समाधान झालं नाही. अध्यक्षांनी सभा बोलावली आणि आपला स्वतंत्र सराव घ्यायचं ठरलं. अध्यक्ष बोलायला उठले की इतिहासात जातात. ते म्हणाले की ही चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाची भूमी आहे, इथला माणूस कधी मागे हटलेला नाही. तो सत्याग्रह सरकारी हुकूम मोडण्यासाठी होता, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायची ती वेळ नव्हती. भोंगा ऑनलाइन मागवला गेला. गेटला नवा आडवा दांडा बसला. फेरीवाले, भाजीवाले, मासेवाल्या यांना आत येण्यास मनाई झाली, कारण शत्रू कुठल्याही रूपात येतो.

उरणच्या बाजूची एक मासेवाली आमच्याकडे किती वर्षं येते ते तिलाही आठवत नाही. खाडीच्या भरती-ओहोटीप्रमाणे तिची वेळ बदलते, त्यामुळे ती सकाळीही येते आणि दुपारी चारलाही. शत्रूच्या रूपात गणना झाल्यावर ती गेटबाहेर, केबिनच्या भिंतीला लागून, गोणपाट टाकून बसू लागली. काकांना ती दादूस म्हणे. थोरला भाऊ या नात्याने मग ती त्यांना हवं ते बोले. काका तिच्या पाटीतला बर्फाचा तुकडा रुमालात बांधून मानेवर ठेवत आणि त्या बदल्यात तिच्या मालावर खरं मत देत. यावरून त्यांचं रोज वाजे.

सरावात एक अडचण आली. बचाव पथकात यायला सगळी सोसायटी तयार होती. शिट्ट्या, हातातल्या पट्ट्या, पिवळी जाकिटं यांसाठी भांडणं झाली. जखमी व्हायला मात्र कोणी तयार होईना, कारण जखमीने गेटसमोरच्या फरशीवर पडायचं होतं आणि चार वाजता त्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. शेवटी सेक्रेटरी बाईंनी तोडगा काढला. गेटवर हल्ला झाला तर पहिला जखमी वॉचमनच होणार, हे वास्तवाला धरून आहे. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘पंखा देनार का?’ बाई म्हणाल्या, ‘अहो काका, आधी हे तर पार पाडू.’ काकांनी ते होकारार्थी घेतलं. मला निरीक्षक नेमलं, म्हणजे मंडपात एक खुर्ची दिली.

मंडप होता, कारण प्रमुख पाहुणे होते. हवाई हल्ल्याला प्रमुख पाहुणे बोलावण्याची प्रथा इतरत्र आहे की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे पाणपोईला बोलावतात, व्यायामशाळेला बोलावतात, मग याला का नको? एक स्थानिक पुढारी चारला येणार होते. हल्लाही चारलाच ठेवला होता. काकांना पूर्ण गणवेशात, टोपीसकट, दुपारच्या जेवणापासूनच गेटवर उभं केलं होतं. पावणेचारला बाईंनी त्यांच्या कपाळावर आणि शर्टावर कुंकवाचं पाणी लावलं, डोक्याला पट्टी बांधली आणि पडायची जागा दाखवली.

पाहुण्यांचा फोन आला की ते फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेत. त्यामुळे हल्ला पुढे ढकलला. मंडपात ताक फिरलं. काका केबिनकडे जायला वळले, तर बाईंनी त्यांना थांबवलं. आत घाम येईल, कुंकू ओघळेल, पुन्हा करत बसावं लागेल. बाहेर घाम येत नव्हता असं नाही. काका तिथेच दांड्याला टेकून उभे राहिले. दांड्यापलीकडून मासेवाली त्यांना काहीतरी सुनावत होती. मला एवढंच ऐकू आलं, ‘नवरदेव झालाय जसा काय.’

पाहुणे आले, हार झाला, भोंगा वाजला. भोंग्याचा आवाज मळणीच्या यंत्रासारखा होता. बायका मुलांना घेऊन खाली बसल्या, पुरुष शिट्ट्या वाजवत तीन दिशांना धावले. काका ठरल्या जागी पडले. ते जरा लवकर पडले, भोंगा पुरता सुरू व्हायच्या आधीच. पण तेवढी चूक चालते असं अध्यक्ष माझ्याजवळ पुटपुटले. बचाव पथक आलं. बांबूला पडदा बांधून स्ट्रेचर केलं होतं. काकांना त्यावर घेतलं आणि छायाचित्रासाठी पुन्हा खाली ठेवलं. सेक्रेटरी बाई व्हिडिओ घेत होत्या. त्या म्हणाल्या, ‘काका, थोडं कण्हा ना. व्हिडिओत काहीच येत नाहीये.’ काका कण्हले नाहीत. अध्यक्षांनी बाईंना समजावलं की गंभीर जखमी माणूस बेशुद्धच असतो, ते बरोबर करतायत. पाहुण्यांनी वाकून काकांच्या खांद्यावर थोपटलं आणि मंडपाकडे वळून ‘उत्कृष्ट’ म्हणाले. टाळ्या झाल्या.

टाळ्या चालू असताना मासेवाली दांड्याखालून वाकून आत आली. कमरेवर पाटी तशीच. एका पिवळ्या जाकिटाने शिट्टी वाजवून तिला अडवलं, तर तिने त्याला कोपराने बाजूला सारलं. बाई तिला म्हणाल्या की मावशी, सराव चालू आहे, नाटक आहे हे.

‘अगो बाय, त्याला नाटक येतंय कुटं?’ मासेवाली म्हणाली. ‘परवा माज्या गिऱ्हाइकासमोर बोलला जिताडा शिला हाय म्हनून. एवढा खोटा बोलाया येत नाय त्याला, तो मरायचा सोंग करील? हात लावून बग. भट्टी झालीय.’

आणि तिने पाटीतला बर्फ, पाणी, खवले, जे काय होतं ते सगळं काकांच्या डोक्यावर आणि छातीवर ओतलं. दोन बोईट मासे स्ट्रेचरवर पडले. कुंकू वाहून गेलं. त्याखालचा चेहरा पाहिल्यावर टाळ्या थांबल्या.

मग खरा बचाव सुरू झाला आणि त्यासाठी आमच्याकडे कोणतीच योजना नव्हती. रुग्णवाहिका बोलवायचं सरावात नव्हतं. सोसायटीतल्या गाड्या बाहेर निघेनात, कारण नाकाबंदी खरी वाटावी म्हणून गेटच्या आत दोन गाड्या आडव्या लावल्या होत्या आणि त्यांच्या किल्ल्या बचाव पथकातल्या कोणाच्या तरी खिशात होत्या. बाहेर एकच गाडी उभी होती, पाहुण्यांची. पांढरी, आतून पांढरी. पाहुणे भले माणूस. त्यांनी दार उघडलं, पण सीटकडे एकदा पाहिलं. काकांना आत घातलं. मासेवाली उरलेला बर्फ पदरात घेऊन शेजारी बसली आणि ती गाडी पनवेलच्या दिशेने गेली. निरीक्षक म्हणून मी पुढच्या सीटवर होतो. वाटेत मासेवाली अधूनमधून, काम करता करता माणूस पुटपुटतो तशी, ‘दादूस, ए दादूस’ म्हणत होती.

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. बर्फ टाकला ते बरं केलं, असंही म्हणाले. मग त्यांनी हवेत वास घेतला आणि पुढे काही विचारलं नाही. रात्री काकांनी डोळे उघडले, पाणी मागितलं आणि हल्ला झाला का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सोसायटीत आला. इतके दिवस ‘वॉचमन’ असलेला माणूस त्याची गाडी गेटात शिरताच अध्यक्षांच्या तोंडी ‘आपले वडील’ झाला. मुलाने फार आवाज चढवला नाही. तो म्हणाला, ‘आमच्या शेतान घरं बांधलीत, आमी काय बोललो नाय. पन म्हाताऱ्याला असा उन्हान तलता कशाला? घरा माज्या खोलीन एसी हाय. त्याला हितं बसायची हौस हाय, ती मना कलत नाय. पन बसला तर मानसासारका बसू द्या.’ अध्यक्षांनी सर्वतोपरी शब्द दिला.

सभा झाली. सराव यशस्वी केल्याबद्दल सर्वांचे, त्यात काकांचेही, आभार मानणारा ठराव झाला. नंतर पंख्याचा विषय निघाला. कोणाचाही विरोध नव्हता. प्रश्न फक्त पायंड्याचा होता. वॉचमनला दिला तर झाडणारी मागेल, तिला दिला तर माळी मागेल, आणि माळी तर उघड्यावरच काम करतो, त्याला पंखा लावणार कुठे? झोपेचा मूळ मुद्दाही होताच. मी म्हटलं की ज्या शत्रूने आतापर्यंत आपला एकमेव माणूस पाडला आहे, त्याच्याविरुद्ध काहीतरी तरतूद असावी. अध्यक्ष म्हणाले, ‘सर, तुमचा विषय वेगळा आहे. हा सुरक्षेचा विषय आहे.’ निर्णय पुढच्या सभेवर गेला.

त्याच आठवड्यात कोणाला तरी सरावाचं गेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण हवं झालं. पाहिलं तर त्या दुपारी तीननंतर काहीच नोंदलं गेलेलं नव्हतं. तंत्रज्ञ आला, केबिनमध्ये गेला आणि लगेच बाहेर आला. घाम पुसत म्हणाला की यंत्र गरम होऊन बंद पडलंय, या खोलीत ते टिकणार नाही, त्याला वारा हवा. अध्यक्षांचा चेहरा उतरला. म्हणजे त्या दिवशी शत्रू खरोखर आला असता तर आपल्याला कळलंही नसतं! संध्याकाळच्या आत पंखा आला. चांगल्या कंपनीचा, तीन वेगांचा. तो यंत्राच्या समोर भिंतीला पक्का बसवला, तोंड वळू नये म्हणून मागचा स्क्रू पिळून टाकला. यासाठी सभा लागली नाही.

काका थोड्या दिवसांनी परत आले. घरचे नको म्हणत होते. चेहरा उतरला होता, पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं होतं. केबिनमध्ये पंखा पाहून ते खुलले, आणि मग तो कुणीकडे तोंड करून आहे ते त्यांनी वाकून पाहिलं. अध्यक्षांनी त्यांना नीट समजावलं की हा पंखा यंत्राचा आहे आणि त्याला हात लावायचा नाही. काकांनी मान डोलावली.

दुपारी मी दूध आणायला गेलो तेव्हा पाहिलं. काकांनी पंख्याला हात लावला नव्हता. आपलं स्टूल उचलून त्यांनी पंखा आणि यंत्र यांच्या मध्ये, यंत्राचा वारा अडणार नाही इतकं बाजूला ठेवलं होतं. वारा दोघांना मिळत होता. फक्त तिथे बसायचं तर गेटकडे पाठ करावी लागत होती. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते, शर्टाचं वरचं बटण उघडं, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर मासेवाली गिऱ्हाइकाला जिताडा ताजा असल्याचं सांगत होती आणि आतून कोणी काही बोलत नव्हतं.

अध्यक्षही तेवढ्यात खाली आले. त्यांनी दांडा पाहिला, उघडं गेट पाहिलं, काकांची पाठ पाहिली.

‘काका,’ ते म्हणाले, ‘अहो, गेटकडे लक्ष कोणाचं आहे?’

काकांनी मान न वळवता यंत्राकडे बोट केलं. ‘सायेब, भाईर तो बगतोय ना. मी त्याच्यावर लक्ष ठेवतोय. परत तापला तर?’

इतक्या वर्षांच्या स्टोअर्सच्या अनुभवात अध्यक्षांना या उत्तरात कुठे त्रुटी दिसेना. यंत्राची देखरेख व्हायला हवी हे तर त्यांचंच म्हणणं होतं. ते हळूच वर गेले. संध्याकाळी ग्रुपवर सूचना आली की सुरक्षा यंत्रणेच्या तापमानावर देखरेखीसाठी दिवसपाळीच्या वॉचमनची नेमणूक करण्यात आली आहे. त्याखाली सगळ्यांनी अंगठे दाखवले.